शिकारीच्या बातम्या आणि त्यांतील चुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सह्याद्रीची रांग आहे आणि तिच्या उतारांना लागूनच ऊस, भात आणि नाचणीची शेती आहे. जंगल आणि शेत यांच्यात अनेक ठिकाणी एका बांधाचेच अंतर असल्यामुळे रानडुक्कर, गवा, भेकर, ससा आणि बिबट्या यांच्या शिकारीच्या बातम्या येथील वर्तमानपत्रांत सतत येत असतात. मी अनेक वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होतो आणि अशा बातम्यांवर शेवटचा हात माझाच फिरत असे. त्या काळात मला न सुचलेले आणि नंतर तरुण बातमीदारांनी, पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी, शेतकऱ्यांनी व वन कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

शिकारीच्या बातम्या चुकतात, त्याचे मूळ कशात आहे?

माझ्या मते त्याचे मूळ एका शब्दात आहे. बिबट्याने गोठ्यातून शेळी नेली, तर आपण शेळीची शिकार झाली असे लिहितो. रात्री जीपमधून आलेल्या टोळीने भेकर मारले, तर तीही शिकार असते. शेतकऱ्याने पीक वाचवण्यासाठी लावलेल्या फासकीत रानडुक्कर मेले, वन विभागाच्या लेखी आदेशावरून एखादी वाघीण ठार केली गेली किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशात परदेशी पाहुण्याने सरकारी परवान्याने हरीण मारले, तरी आपल्या पानावर या सर्वांसाठी एकच शब्द उमटतो. इंग्रजीतून आलेल्या बातमीत हंटिंग (शिकार), पोचिंग (चोरटी शिकार) आणि कलिंग (सरकारी आदेशाने प्राणी मारणे) असे तीन निरनिराळे शब्द असतात. भाषांतर होताना ते तिन्ही 'शिकार' होतात आणि वाचकापर्यंत पोहोचेपर्यंत गुन्हा, परवानगी आणि सरकारी कारवाई यांतील फरक नाहीसा झालेला असतो.

मराठीत शब्द कमी आहेत असे मुळीच नाही. चोरटी शिकार, अवैध शिकार, पारध, फास लावणे, विषप्रयोग, आत्मसंरक्षणार्थ मारणे, आदेशानुसार ठार करणे, भक्ष्य पकडणे हे सर्व शब्दप्रयोग सामान्य वाचकाला कळतात. मात्र शीर्षकाला जागा थोडी असते, विशेषण आधी कापले जाते आणि उरलेला शब्द स्वतःच एक चित्र उभे करतो: हातात बंदूक, डोक्यात क्रौर्य आणि समोर निष्पाप जनावर. मग मजकुरात काहीही लिहिले असले, तरी वाचक त्या चित्रातूनच ते वाचतो.

माझ्या हातून घडलेली एक चूक येथे सांगितली पाहिजे. एका गावाच्या शिवारात गवा मेलेला सापडला. दूरध्वनीवरून आलेल्या त्रोटक माहितीवर विश्वास ठेवून मी त्या बातमीला शिकाऱ्यांनी गवा मारल्याचे शीर्षक दिले. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण विजेचा धक्का असल्याचे निघाले. तोपर्यंत ज्यांच्या घरी जुनी बंदूक होती, अशा एका कुटुंबाकडे गाव संशयाने पाहू लागले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ओळींचा खुलासा आतल्या पानावर छापला. पहिली बातमी ज्यांनी वाचली, त्यांच्यापैकी किती जणांनी तो खुलासा वाचला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

कायदा 'शिकार' कशाला म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील व्याख्या बोलीभाषेतील अर्थापेक्षा पुष्कळ व्यापक आहे आणि बहुतेक बातमीदारांनी ती एकदाही वाचलेली नसते. प्राण्याला ठार मारणे किंवा त्याच्यावर विषप्रयोग करणे ही तर शिकार आहेच. त्याला पकडणे, फासात किंवा सापळ्यात अडकवणे, हाकणे, आमिष दाखवणे, जखमी करणे, त्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणे, पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा घरटी विस्कटणे हेही शिकारीतच मोडते. प्राण्याला मारण्याचा किंवा पकडण्याचा नुसता प्रयत्नही त्या व्याख्येत येतो. त्यामुळे 'प्राणी पळून गेल्याने शिकार टळली, आरोपींना समज देऊन सोडले' असे वाक्य बातमीत आले, तर बातमीदाराने तेथे थांबून प्रश्न विचारायला हवा, कारण कायद्याच्या दृष्टीने फास लावला तेव्हाच गुन्हा घडलेला असू शकतो.

दुसरी बाब कालक्रमाची आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करण्याची सोय होती आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. म्हणून एखाद्या ज्येष्ठ माणसाने आपण १९६५ साली सांबर मारल्याचे सांगितले, तर त्याला आजच्या अर्थाने गुन्हेगार ठरवणे चुकीचे आहे. त्याचप्रमाणे त्याच्या आठवणी छापताना आज तसे करता येत नाही, हे न सांगणेही चुकीचे आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्यांची, संख्या सहावरून चारवर आली आणि हा बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. तरीही बातम्यांत 'अनुसूची पाचमधील प्राणी' असा उल्लेख अधूनमधून दिसतो. जुन्या बातमीतील परिच्छेद तसाच्या तसा उचलल्याची ती खूण असते.

शिक्षेचे आकडेही असेच जुने राहतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार, तसेच अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केलेली शिकार यांसाठी किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि आता किमान २५,००० रुपये दंड आहे. अन्य बहुतेक गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

तुम्ही शिकाऱ्यांची बाजू घेत आहात का?

नाही. राधानगरीच्या जंगलात फासात अडकून मेलेले भेकर मी पाहिले आहे आणि ते दृश्य विसरण्यासारखे नाही. परंतु ते भेकर कोणी, कशासाठी आणि कोणत्या साधनाने मारले, हे नीट लिहिले गेले नाही, तर पुढचे भेकर वाचणार नाही. विक्रीसाठी मांस पुरवणारी टोळी, डुकरांनी भुईमूग उकरल्यामुळे वैतागलेला शेतकरी आणि एअरगन घेऊन सुट्टीच्या दिवशी पाखरे टिपणारा शहरी तरुण, या तिघांना थांबवण्याचे उपाय वेगवेगळे आहेत. बातमीत तिघांचाही उल्लेख 'शिकारी' एवढाच झाला, तर वन विभागावर दबाव येतो तो फक्त अटकेसाठी, आणि उपायांची चर्चा सुरूच होत नाही.

बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाला 'परवानाधारक शिकारी' म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या कोकणात अनेक घरांत पीक संरक्षणासाठी मिळालेल्या बंदुका आहेत; त्यांत ठासणीच्या बंदुकाही आहेत आणि बारा बोरच्याही. तो परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खालचा असतो आणि त्याने फक्त शस्त्र बाळगण्याचा अधिकार मिळतो. वन्य प्राणी मारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. हा फरक न कळल्यामुळे दोन उलट प्रकारच्या चुका होतात. कधी बंदूक परवान्याची होती म्हणून गुन्हा किरकोळ असल्याचे सुचवले जाते, तर कधी बंदूक घरात सापडली एवढ्यावरून मालकाला शिकारी ठरवले जाते.

रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला, तर ती 'बिबट्याची शिकार' समजावी का?

कायद्याने फासकी लावणे हाच गुन्हा आहे, त्यामुळे कायद्याच्या अर्थाने हो. पण बातमी म्हणून एवढेच लिहिणे अपुरे आहे आणि पुष्कळदा दिशाभूल करणारे आहे. या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातील मृत्यूंचे खरे स्वरूप येथे लपलेले आहे.

फासकी बहुधा दुचाकीच्या क्लचच्या किंवा ब्रेकच्या तारेची असते. ती कुंपणातील फटीत किंवा जनावरांच्या रोजच्या वाटेवर लावतात आणि तिचे दुसरे टोक झाडाला किंवा खुंटाला बांधतात. ती लावायला धाडस लागत नाही, पैसा लागत नाही आणि लावणारा माणूस तेथे हजरही नसतो. ती प्राणी निवडत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या, भेकर, साळिंदर, कुत्रा किंवा गाईचे वासरू असे कोणीही अडकू शकते. बिबट्याच्या कमरेला तार आवळली की तो जितका झटतो तितकी ती आत रुतते, आणि बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या जखमेखाली आतड्यांना जीवघेणी इजा झालेली असू शकते. म्हणून 'बिबट्याची सुखरूप सुटका' अशी बातमी त्याच संध्याकाळी देऊन मोकळे होणे योग्य नाही. उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांशी दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलले पाहिजे.

आता ही घटना 'बिबट्याच्या शिकारीचा डाव उधळला' अशा शीर्षकाने छापली, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर कातड्याची तस्करी करणारी टोळी येते. प्रत्यक्षात शोध घ्यायचा असतो तो त्या शिवारातील डुकरांच्या उपद्रवाचा, पीक नुकसानीचे पंचनामे किती वेळात होतात त्याचा, आणि फासकी लावणारा स्वतःच्या शेतासाठी ती लावत होता की मांस विकण्यासाठी, त्याचा. कधी दुसराच अंदाज खरा निघतो आणि त्या फासकीमागे खरोखर टोळी असते. पण ते तपासातून कळले पाहिजे, शीर्षकातून नव्हे.

वीज सोडलेल्या तारांची गोष्टही अशीच आहे. खांबावरून आकडा टाकून शेताभोवतीच्या तारेत थेट प्रवाह सोडणे हे बेकायदा आहे, प्राणघातक आहे आणि त्यात माणसेही मरतात. याउलट शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात, त्या सौर कुंपणातून अगदी क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने येतो आणि जनावर बिचकून मागे फिरते. दोन्हींना 'विद्युत कुंपण' असे एकाच नावाने छापल्यामुळे प्राण वाचवणारे साधन आणि प्राण घेणारे साधन वाचकाला सारखेच वाटू लागते. सौर कुंपण घेण्याच्या विचारात असलेल्या एका शेतकऱ्याने अशी बातमी वाचून बेत रद्द केल्याचे मला स्वतः सांगितले होते.

'रानडुक्कर मारायला आता परवानगी आहे' असे अधूनमधून छापून येते. त्यात तथ्य किती?

अशा शीर्षकातील अर्धवट माहिती शेतकऱ्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकते, म्हणून येथे दोन तरतुदी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार ठरावीक प्रदेशासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकडे यांच्याबाबत २०१५-१६ च्या सुमारास तशा अधिसूचना निघाल्या होत्या. त्या त्या राज्यापुरत्या होत्या आणि मुदतीच्या होत्या. त्यांच्या बातम्या मराठीत आल्या तेव्हा राज्याचे नाव मजकुरात खाली ढकलले गेले आणि शीर्षक जणू सगळ्या देशाला लागू असल्यासारखे झाले.

दुसरी तरतूद कलम ११ ची आहे. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेला दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेशाने आणि कारणे नमूद करून देऊ शकतो. रानडुक्कर या अनुसूचीत आहे. म्हणजे परवानगीची वाट आहे, पण ती अर्जाची, आदेशाची आणि अटींची वाट आहे. 'परवानगी मिळाली' असे लिहिताना ती कोणाला, कोणत्या गावासाठी, किती दिवसांसाठी आणि कोणत्या अटींवर मिळाली, हे चार तपशील बातमीच्या पहिल्या परिच्छेदात आलेच पाहिजेत.

'नरभक्षक' हा शब्द वापरावा का?

शक्यतो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कलम ११ मध्ये हा शब्द नाही. तेथे 'मानवी जीवितास धोकादायक' असा निकष आहे. उसात पिलांजवळ अचानक आलेल्या माणसावर बिबट मादीने पंजा मारणे, वाकून गवत कापणाऱ्या माणसाला चुकून भक्ष्य समजणे आणि माणसाला सवयीने भक्ष्य बनवणे या फार वेगवेगळ्या घटना आहेत. पहिल्याच हल्ल्यानंतर 'नरभक्षक' छापले की गावात घबराट पसरते, मोर्चा निघतो आणि तपासाआधीच प्राण्याला मारण्याची मागणी पुढे येते.

यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ वाघिणीची हकीकत यासाठी आठवावी. 'अवनी' या नावाने ती देशभर ओळखली गेली. पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती ठार झाली. या काळात बातम्यांचे दोन तट पडले होते. एका तटाच्या लेखनात ती रक्ताला चटावलेली श्वापद होती आणि दुसऱ्याच्या लेखनात ती दोन पिलांची निष्पाप आई होती. मृतांच्या घरची माणसे, रोज जंगलात गुरे नेणारे गुराखी, शोधमोहिमेत महिनोन्‌महिने फिरणारे वन कर्मचारी हे दोन्ही तटांच्या मजकुरात क्वचितच बोलताना दिसले. पकडणे शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही, अशी कायद्याची अट आहे; त्यामुळे खरा प्रश्न बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नियमाप्रमाणे झाला की नाही हा होता. तो प्रश्न पुढे चौकशीत आला, परंतु तोपर्यंत बहुतेकांचे मत शीर्षकांवरूनच बनून गेले होते.

वन विभाग गुंगीचे इंजेक्शन देऊन प्राणी का पकडत नाही, असे बातम्यांत नेहमी विचारले जाते. ते योग्य आहे का?

प्रश्न योग्य आहे, पण त्यामागची कल्पना चित्रपटातून आलेली असते. डार्ट लागताच प्राणी कोसळत नाही. औषध चढायला काही मिनिटे लागतात आणि त्या वेळात घाबरलेले जनावर बरेच अंतर धावू शकते. आधीच दमलेल्या आणि भेदरलेल्या प्राण्याला गुंगीचे औषध धोकादायक ठरते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात आलेला गवा गर्दीने केलेल्या पाठलागानंतर आणि पकडण्याच्या प्रयत्नानंतर मरण पावला, हे आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आहे.

येथे बातमीदारांनी स्वतःकडेही पाहावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या शिकारीत हाकारे ओरडत, डबे वाजवत जनावराला एका बाजूने रेटत नेत असत. गव्यामागे धावणारी मोबाइलधारी गर्दी आणि तिच्या पुढे थेट प्रक्षेपणासाठी पळणारे कॅमेरे जनावराच्या दृष्टीने तेच काम करतात. कोल्हापूर शहराच्या आसपास गवा दिसला की 'अमुक कॉलनीमागच्या उसात तो आत्ता आहे' असे थेट सांगणे म्हणजे हाकाऱ्यांना बोलावणेच आहे. ती माहिती तासाभराने दिली, तर वाचकाचे काहीही बिघडत नाही.

'पारधी टोळीकडून शिकार' अशी शीर्षके दिली जातात. त्यात गैर काय आहे?

त्यात फार गैर आहे. पारध म्हणजे शिकार, आणि पारधी हे एका समाजाचे नाव आहे. शब्दाच्या या साधर्म्यामुळे व्यवसाय आणि जात यांची गल्लत होते आणि ती छापील रूपात कायम होते. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समाजांवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला, आणि फासेपारधी हे त्या धोरणाखाली भरडले गेलेल्या समाजांपैकी एक आहेत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला. कोल्हापूरच्या माणसाला तर याची वेगळी आठवण असायला हवी, कारण छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात या लोकांवरील हजेरीची सक्ती उठवली होती आणि फासेपारध्यांना विश्वासाने नोकऱ्या दिल्या होत्या.

एखाद्या गुन्ह्यातील आरोपी त्या समाजाचा असेल, तरी शीर्षकात समाजाचे नाव घालण्याचे कारण काय? दुसऱ्या कोणत्या समाजातील पाच तरुण मोटारीतून येऊन ससे मारताना सापडले, तर आपण त्यांच्या जातीची टोळी करत नाही. 'पाच जण ताब्यात' असे लिहितो. तीच रीत सर्वांना लावावी. या समाजातील अनेकांना प्राण्यांचा माग, त्यांच्या वाटा आणि पाखरांच्या हाका यांचे सखोल ज्ञान आहे. त्या ज्ञानाचा संरक्षणासाठी उपयोग कसा होईल, ही बातमी मात्र कोणी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

संस्थानकाळातील शिकारीबद्दल लिहिताना काय सांभाळावे?

कौतुक आणि धिक्कार ही दोन्ही टोके टाळावीत. कोल्हापूर संस्थान पाळीव चित्त्यांकडून होणाऱ्या काळविटाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, कळप दिसला की टोपी काढून त्याला सोडायचे, आणि त्याने काळवीट पाडल्यावर चित्तेवानाने त्याला गोंजारून परत आणायचे, असा तो सगळा प्रकार असे. भारतातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाचे चित्ते कुनो येथे आले, तेव्हा आफ्रिकी चित्ता भारतात प्रथमच येत असल्यासारखे ज्यांनी लिहिले, त्यांना हा इतिहास माहीत नव्हता. कोल्हापूरच्या बातमीदाराकडून तरी ती चूक होऊ नये.

नवीन राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयात भुसा भरलेले प्राणी पाहून काही जण 'राजेशाहीचा पराक्रम' लिहितात आणि काही जण 'क्रौर्याचे प्रदर्शन' लिहितात. दाजीपूरचे जंगल संस्थानाच्या शिकारीसाठी राखीव होते, म्हणून तेथे तोड मर्यादित राहिली, आणि त्याच जंगलाचे १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले, ही गुंतागुंत लिहिणे अवघड असले तरी तेच खरे आहे. ते जंगल राखताना सामान्य रयतेला कोणत्या बंदी सोसाव्या लागल्या, हेही त्याच गोष्टीत आले पाहिजे.

प्राण्यांच्या नावांत कोणत्या चुका वारंवार होतात?

बिबट्याला चित्ता म्हणणे ही सर्वांत जुनी चूक आहे. गव्याला बायसन म्हणणे ही दुसरी. दाजीपूरच्या पाटीवर तो शब्द रुळला असला, तरी बायसन हा अमेरिकेतील व युरोपातील वेगळा प्राणी आहे. तिसरी चूक शिंगांची आहे. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात, तर गव्याची शिंगे आयुष्यभर राहतात. त्यामुळे कोणाकडे सांबराचे शिंग सापडले, तर ते जंगलात पडलेले मिळालेले असू शकते. ते बाळगणे कायद्याला मान्य नाही, तो गुन्हा वेगळ्याने लिहावा. पण 'सांबराची शिकार उघडकीस' असे त्यावरून लिहू नये.

जप्त झालेल्या कातड्याची 'आंतरराष्ट्रीय बाजारातील किंमत' छापावी का?

छापू नये. ती किंमत बहुधा कोणीतरी सांगितलेली असते आणि तिला कोणताही पडताळा नसतो. खवल्या मांजर किंवा मांडूळ यांना कोट्यवधींची किंमत असल्याच्या बातम्यांचा परिणाम काय होतो, हे वन कर्मचाऱ्यांना विचारावे: कर्जबाजारी तरुण आकडा वाचून जंगलात शिरतात. मांडुळामुळे गुप्तधन मिळते ही अंधश्रद्धा तर अशा आकड्यांवरच पोसली जाते. शिवाय कातडे खरे आहे की रंगवलेले, हे अनेकदा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच ठरते. त्याआधी 'बिबट्याचे कातडे असल्याचा संशय' एवढेच लिहिणे खरे ठरेल.

सणानिमित्त होणाऱ्या सशांच्या पारधीबद्दल कसे लिहावे?

काही गावांत जत्रेच्या किंवा सणाच्या निमित्ताने काठ्या, जाळी आणि कुत्री घेऊन पारधीला निघण्याची जुनी रूढी होती आणि काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. ससा संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे ही पारध बेकायदा आहे आणि तसे स्पष्ट लिहावे. मात्र गावाला 'रानटी' ठरवणारे विशेषण वापरू नये. ज्या गावांनी पारध सोडून केवळ प्रतीकात्मक विधी सुरू ठेवला, तेथे तो निर्णय कसा झाला, देवस्थानच्या मानकऱ्यांची समजूत कोणी घातली, याची बातमी शेजारच्या गावाला अधिक उपयोगी पडेल.

परदेशातील शिकारीच्या बातम्या मराठीत देताना काय लक्षात ठेवावे?

ज्या देशाची बातमी, त्या देशाचा कायदा प्रथम सांगावा. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेतील सेसिल नावाच्या सिंहाला एका अमेरिकी दंतवैद्याने मारल्याची बातमी आपल्याकडे 'चोरटी शिकार' म्हणून आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झिम्बाब्वे सरकारने त्याची कागदपत्रे नियमानुसार असल्याचे सांगून त्याच्यावर आरोप न ठेवण्याचे जाहीर केले. ती बातमी आपल्याकडे फारशी दिसली नाही. ते कृत्य नैतिकदृष्ट्या चूक होते, असे कोणी म्हणावे आणि मीही म्हणेन, पण कायदेशीर स्थिती वेगळी होती हे वाचकाला कळले पाहिजे.

देशादेशांचे मार्ग भिन्न आहेत. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. नामिबियाने १९९६ पासून स्थानिक समाजांना वन्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे हक्क दिले आणि त्यात मर्यादित, सशुल्क शिकारीचाही समावेश आहे. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संरक्षणाकडे वळवला जातो. ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्स येथे कुत्र्यांच्या साहाय्याने कोल्ह्याचा पाठलाग करण्यावर बंदी आली. बंदुकीने पक्षी मारणे हा तेथे वेगळा विषय आहे आणि त्याला शब्दही वेगळा आहे. 'ब्रिटनमध्ये शिकारीवर बंदी' हे शीर्षक म्हणूनच चुकीचे ठरते.

घटनास्थळी गेलेल्या बातमीदाराने कोणाला काय विचारावे?

वन विभागाच्या प्रसिद्धिपत्रकावरच बातमी लिहिण्याची सवय आधी मोडावी. त्यात जप्त मुद्देमालाची यादी आणि अधिकाऱ्यांची नावे असतात. घटना कशी कळली, प्राणी कधी मेला, हे बहुधा नसते. प्रथम पोहोचलेल्या वनरक्षकाशी बोलावे, कारण माग, तारेचा प्रकार आणि जखम त्याने पाहिलेली असते. शवविच्छेदन झाले का, आणि मृत्यूचे कारण अंतिम आहे की प्राथमिक, हे विचारावे. शिवाराच्या मालकाला विचारावे, पण त्याला आरोपी समजून नव्हे. घटना अभयारण्याच्या हद्दीत घडली, राखीव वनात घडली की खासगी शेतात, हे नकाशावर पाहून लिहावे, कारण शिक्षा त्यावर अवलंबून असते. पाणवठ्याचे किंवा गुहेचे नेमके ठिकाण मात्र छापू नये.

'शिकारी जेरबंद' असे लिहिण्यास हरकत आहे का?

आहे. अटक झालेली व्यक्ती संशयित किंवा आरोपी असते. गुडघ्यावर बसवलेल्या माणसांपुढे मेलेला प्राणी ठेवून मागे अधिकारी उभे आहेत, असे छायाचित्र न्यायालयाच्या निकालाआधीच निकाल देते. पुढे ते निर्दोष सुटले, तर ती बातमी तेवढ्याच जागेत द्यावी. त्यासाठी प्रकरण न्यायालयात कोठे पोहोचले, याची नोंद बातमीदाराने स्वतःच्या वहीत ठेवावी लागते.

चुकीची बातमी छापून आली, तर वाचकाने काय करावे?

प्रथम संपादकांना लेखी कळवावे. नेमके कोणते वाक्य चुकले, खरे काय आहे आणि त्याला आधार काय, हे थोडक्यात लिहावे. शक्य असल्यास पंचनाम्याची किंवा आदेशाची प्रत जोडावी. समाधान झाले नाही, तर भारतीय पत्र परिषदेकडे (प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया) तक्रार करता येते. दैनिकातील मजकुराबाबत ही तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार तिला जोडावा लागतो. ही परिषद छापील वृत्तपत्रांपुरती आहे, वाहिन्यांसाठी नाही. कात्रण, तारीख आणि पान क्रमांक त्याच दिवशी जपून ठेवावा.